असूड आणि त्याचे श्रोते

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. या समाजाचे कार्यकर्ते पगारी नव्हते. आपापला धंदा, शेतीभाती सांभाळून ही मंडळी काम करीत. मग अशा विखुरलेल्या माणसांनी एकमेकांशी आणि गावकऱ्यांशी बोलावयाचे तरी कोणत्या मार्गाने?

१८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ पत्र काढले. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे ते मुंबईहून चालवू लागले. एकदा खिळे जुळले की तोच मजकूर सगळीकडे सारखा जाई, हा पत्राचा मोठा लाभ. परंतु ज्याच्यासाठी लिहावयाचे त्या कुणब्याला अक्षरओळख कोठे होती? गावात वाचणारा असलाच तर बहुधा कुलकर्णी. आणि समाजाचा निम्मा तंटा त्या कुलकर्ण्याशीच!

दुसरी अडचण घरातलीच निघाली. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे पहिले काही भाग ‘दीनबंधु’त आले आणि पुढचे छापणे थांबले. जोतीराव संतापले. लोखंड्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे, पण ज्याच्या डोक्यावर पत्र टिकविण्याचा भार, त्याचा हात जपूनच चालावयाचा. मात्र आपले पत्र म्हणजे आपलाच आवाज, ही समजूत तेथे मोडली.

मग जोतीरावांनी हस्तलिखितच बगलेत मारले. पुणे, मुंबई, ठाणे, हडपसर आणि आमच्या बाजूची जुन्नर व ओतूर, अशा ठिकाणी त्यांनी ते लोकांना वाचून दाखविले. घोडेगावच्या माणसाला ही शेवटची दोन नावे वाचताना जरा अधिकच आनंद होतो! येथे संपादक नाही, टपालखर्च नाही. आणि ऐकणारा मध्येच शंका विचारू शकतो. शेतसारा, सावकार, कज्जेदलाली हे ज्याच्या अंगावरून गेले, त्याच्यासमोर चूक लिहून निभत नाही. उणे एवढेच, की वाचणारा गाव सोडून गेला की मागे कागद उरत नसे.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले. पुढे सत्यशोधकांचे जलसे निघाले. गण, गौळण, वग हा तमाशाचा ठरलेला बाज त्यांनी घेतला आणि आत सावकारी, भटशाही, शिक्षण हे विषय घातले. भीमराव महामुनी हे त्यातले आरंभीचे नाव. तमाशाला नाके मुरडणारे सुधारक तेव्हाही होते. पण ढोलकी वाजली की सारे गाव आपणहून गोळा होई, आणि त्या गर्दीत एकालाही वाचता येण्याची गरज नव्हती.