भिलाई : सन 1955

भारत-सोव्हिएत संबंधांच्या इतिहासात आणि भिलाईच्या औद्योगिक जन्मकथेत सारखेच निर्णायक ठरलेले वर्ष. दुर्ग जिल्ह्यातील हे खेडे तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्यात, म्हणजे नागपूर राजधानीच्या अमलाखाली होते व त्या राज्याच्या कारभारात हिंदीबरोबर मराठीलाही राजभाषेचा मान होता. पुढील कीर्तीच्या झळाळीत हा अनुबंध विस्मृतीत जावा, हे खेदकारक होय.

2 फेब्रुवारीस नवी दिल्लीत वार्षिक 10 लाख टन पोलाद-उत्पादनाच्या कारखान्याचा करार झाला. सोव्हिएत कर्जावर व्याज शेकडा अडीच असून त्याची फेड 12 वार्षिक हप्त्यांत, तीही रुपयांत, करावयाची होती. परकीय चलनाची टंचाई असलेल्या राष्ट्रास या शर्ती विलक्षण अनुकूल होत्या. करारास आठवडाही लोटला नाही तोच मॉस्कोत मालेन्कोव्ह पंतप्रधानपदावरून पायउतार होऊन बुल्गानिन आले, तथापि कराराच्या अंमलबजावणीस बाध आला नाही. जूनमध्ये पंडित नेहरूंनी सोव्हिएत दौऱ्यात मॅग्निटोगोर्स्कचा पोलाद कारखाना पाहिला. नोव्हेंबरात बुल्गानिन व ख्रुश्चॉव्ह भारतात आले.

स्थळनिवडीस दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि मुंबई-हावडा लोहमार्ग ही कारणे पुरेशी होती. पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली. तत्पूर्वीच, 1 नोव्हेंबर 1956 पासून, राज्यपुनर्रचनेमुळे या मुलखाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती.