वरातीच्या बँडची वंशावळ

लग्नसराईत छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) गारखेडा परिसरात, सूतगिरणी चौकाच्या आसपास, संध्याकाळी वरात निघाली की तिच्यापुढे अजून कुठे कुठे बँड दिसतो. बाकी सुपाऱ्या डीजेकडे जातात. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, पुढे क्लॅरिनेट आणि ट्रंपेट, मागे युफोनियम, कडेला साइड ड्रम. हा बाजा आजच्या पोरांच्या हातात नव्याने द्यायचा असेल, तर तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला हे आधी पाहायला हवे.

मिरवणुकीपुढे वाजवायची रीत या शहरात बँडहून कितीतरी जुनी. औरंगजेबाने १६९२ मध्ये उभारलेल्या किले अर्क या राजवाड्याला नगारखाना होता. गावोगावी सनई-चौघडा, संबळ, डफडे घेऊन वाजंत्री होतेच. पितळी बाजा मात्र पलटणींबरोबर आला, आणि औरंगाबादेत तर हैदराबाद कंटिंजंट या इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणीच होती. छावणीचा दिवस बिगुलावर चाले. बिगुल म्हणजे साधी नळी. ओठ कितीही आवळले तरी मोजकेच सूर निघतात, सलग सप्तक वाजत नाही. ही अडचण श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघा जर्मनांनी सोडवली. १८१८ मध्ये त्यांनी बर्लिनला झडपेचे पेटंट घेतले. पुढे तीन पिस्टन रूढ झाले. पहिला दाबला की सूर पेटीच्या दोन पट्ट्या, म्हणजे दोन अर्धस्वर, उतरतो, दुसऱ्याने एक, तिसऱ्याने तीन. एवढ्यावर सगळे सप्तक हाती आले. १८४५ मध्ये अडोल्फ साक्सने लहानापासून थोरापर्यंत एकाच घराण्याची शिंगे केली. एकावर बोटे बसली की दुसरेही वाजवता येते. माझ्या मते बँड गरिबाघरी पोहोचला तो यामुळे. वर्षातले काही महिनेच वाजवायला मिळणाऱ्या माणसाला असे वाद्य परवडते.

मराठी दरबारांनी हे संगीत मनापासून जवळ केले, आणि कागदावरही उतरवले. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८–१८३२) पाश्चात्य धर्तीचा बँड बाळगला. त्यांनी जमवलेले युरोपीय संगीताचे कागद तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा निघाली. तिचे प्रमुख मौलाबक्ष यांनी आपल्या संगीतासाठी स्वतःची स्वरलेखन पद्धत केली. त्यांचे चिरंजीव डॉ. ए. एम. पठाण यांना महाराजांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकायला धाडले. इकडे गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरे स्वरलिपी वाचायला शिकत. त्यांतलेच कित्येक पुढे पलटणींच्या, संस्थानांच्या बँडमध्ये आणि मग मुंबईच्या सिनेमात गेले. 

लग्नाच्या बँडपाशी आल्यावर हा कागद संपतो. इथे वाजवणारे बरेचसे वाजंत्र्यांच्याच घरांतले: मातंग, होलार, मुसलमान. १८८५ मध्ये सुरू झालेल्या मेरठच्या नादिर अली कंपनीसारख्या कारखान्यांमुळे वाद्ये देशातच मिळू लागली, पण वाद्यांबरोबर वह्या आल्या नाहीत. चाल कानाने उचलायची. क्लॅरिनेट पितळी नाही, तरी आपल्या बँडमध्ये सूर तेच धरते. मला त्यात सनईचा वारसा दिसतो. साहेबाच्या बँडमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला वेगळी ओळ असते. आपल्याकडे पाचसहा जण एकच चाल आपापल्या मगदुराप्रमाणे घोळवतात आणि मधल्या मोकळ्या जागा युफोनियम भरून काढते. ‘नागिन’ (१९५४) मधली बीनेची धून वरातीत ऐकताना हे नीट कळते. मूळ सिनेमातली ती एकेरी धून इथे सगळा बँड अंगावर घेतो.

अमेरिकेत यादवी युद्धातल्या (१८६१–६५) एका पलटणीच्या बँडची छोटी हस्तलिखित पुस्तके नॉर्थ कॅरोलिनात मोराव्हियन मंडळींनी जपली. त्यांवरून आजचे वादक ते संगीत पुन्हा वाजवतात. आपल्याकडे असा कागद नाही, वाजवणारी माणसे आहेत. म्हणून पुनरुज्जीवन इथे ग्रंथालयात नव्हे, म्हाताऱ्या बँडमास्तरांच्या ओसरीवर सुरू करावे लागेल, आणि वेळ थोडा आहे.

त्यात एक अडचण हमखास येते. जुन्या विलायती वाद्यांचा सूर चढा असे. लष्करी बँडची पट्टी ४५२ कंपनांच्या आसपास, आजची ४४०. म्हणजे काळी पाचचे जुने कॉर्नेट काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध कुठेतरी बोलते. इंग्लंडातल्या ब्रास बँडांनीही ही चढी पट्टी १९६०च्या दशकात सोडली. कीबोर्ड लावलेल्या गाडीमागे असे वाद्य उभे केले की बेसूर होणारच, आणि दोष वादकाच्या माथी येतो. नुसती मुख्य नळी बाहेर ओढून भागत नाही. पिस्टनांच्या तिन्ही नळ्याही त्या प्रमाणात ओढाव्या लागतात, नाहीतर खालचे सूर चढेच राहतात.

आधी चाल जशी वाजते तशी ध्वनिमुद्रित करावी, मास्तरांच्या घोळवण्यासकट. मग ती सरगमीत आणि रेघांच्या लिपीत, दोन्हींत लिहावी. सरगम बँडवाल्यांसाठी, रेघा पोलिस बँडच्या आणि शाळांतल्या वादकांसाठी. युफोनियमची भर वेगळ्या ओळीवर हवी, कारण आधी तीच विसरली जाते. साइड ड्रमचे बोल तोंडाने म्हणवून घ्यावेत. आणि या कामाचे पैसे मास्तरांना वरातीच्या सुपारीइतके तरी मिळावेत, तेही लग्नसराई संपल्यावर, पावसाळ्यात, जेव्हा त्यांचा हात मोकळा असतो आणि घरात चणचण असते.