आमरे, प्रवीण कल्याण

(१४ ऑगस्ट १९६८– ). भारतीय क्रिकेटपटू व प्रशिक्षक. जन्म मुंबईत. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या तालमीत घडले. १९९२ मध्ये डरबनला पहिल्याच कसोटीत ते फलंदाजीला आले तेव्हा भारताची अवस्था ४ बाद ३८ होती. तिसऱ्या पंचाने बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज, सचिन तेंडुलकर, नुकताच तंबूत परतला होता. आमरेंनी तिथे १०३ धावा काढल्या. ११ कसोटींत ४२.५० ची सरासरी राखूनही १९९३ नंतर त्यांना कसोटी संघात घेतले नाही. निवडीचे हे गणित आजही उलगडत नाही.

देशांतर्गत क्रिकेटमध्ये मात्र त्यांचे बिऱ्हाड पाठीवरच होते : मुंबई, रेल्वे, राजस्थान, बंगाल, गोवा आणि अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील बोलँड (१९९९-२०००). निवृत्तीनंतर ते प्रशिक्षणाकडे वळले. त्यांच्या हाताखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. पुढे आयपीएलमध्ये दिल्ली संघाचे ते साहाय्यक प्रशिक्षक झाले. शिवाजी पार्कवर श्रेयस अय्यरला त्यांनी लहानपणीच हेरले. अजिंक्य रहाणेसारखा प्रस्थापित फलंदाजही तंत्रातली गाठ सोडवायला त्यांच्याकडेच येत असे.