उलटी वाजणारी कॅसेट खराबच असते का?

पेण-रोह्याकडच्या एखाद्या घरात जुन्या कॅसेटच्या डब्यातून अशी एक कॅसेट निघू शकते : ‘ए’ बाजूला गाणं जड आवाजात रेंगाळतं आणि ‘बी’ बाजूला सगळं उलटं वाजतं. ती लगेच फेकू नये. ती फोरट्रॅक रेकॉर्डरवर भरलेली असू शकते.

साध्या स्टिरिओ कॅसेटवर प्रत्येक बाजूचे दोन, असे चार ट्रॅक असतात. 1979 मध्ये आलेल्या टीॲकच्या पोर्टास्टुडिओने हे चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरले. त्यामुळे भजन भरताना आधी पखवाज, मग तो ऐकत पेटी, नंतर गायन आणि शेवटी झांज असं घरच्या घरी भरता येतं. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 1982 चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम अशाच यंत्रावर घरी भरलेला आहे.

आवाज स्वच्छ यावा म्हणून यात टेप दुप्पट वेगाने फिरते. म्हणून 60 मिनिटांच्या कॅसेटवर 15 मिनिटंच मावतात. फोस्टेक्स एक्स-15 सारखी स्वस्त यंत्रं नेहमीच्या वेगाने चालतात. वेळ 30 मिनिटं मिळतो, पण खरखर वाढते.

फोरट्रॅक यंत्र नसेल, तर साध्या स्टिरिओ डेकवरून दोन्ही बाजू संगणकात घ्याव्यात. ‘बी’ बाजू उलटवावी, गरजेप्रमाणे वेग दुप्पट करावा आणि ट्रॅक जुळवावेत. त्याआधी कॅसेटच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडावेत, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. दमट हवेने टेपवर पांढरी बुरशी आली असेल, तर साफ केल्याशिवाय कॅसेट लावू नये.