तळटीप : ‘सरोवराकाठचे संग्रहालय’

१. म्हणजे लादोगा सरोवरावरील ओसिनोवेत्सचे ‘जीवनमार्ग’ संग्रहालय. १९४१ च्या सप्टेंबरपासून वेढल्या गेलेल्या लेनिनग्राडला पाणी मोकळे असताना बार्जमधून आणि ते गोठल्यावर बर्फावरून ट्रकने याच वाटेने धान्य पोचे. लेखक पुढच्याच वाक्यात ‘आपली माणसेही अशीच अडकली होती’ एवढेच म्हणून निघून जातात. रोख मेसोपोटेमियातील कूत-अल-अमाराकडे असावा. तैग्रिस नदीच्या वळणातल्या या गावात ब्रिटिश हिंदी सैन्याची पूना डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात कोंडली गेली. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. विमानांनी पिठाची पोती टाकली, जात्याच्या तळ्यासुद्धा; पण हजारो माणसांना ते कुठून पुरणार! शेवटी २४ एप्रिल १९१६ च्या रात्री ‘जुलनार’ ही आगबोट सुमारे २७० टन रसद घेऊन निघाली. तुर्कांनी नदीत आडवा ताणलेला पोलादी दोर तिला अडकला आणि ती रसदीसकट त्यांच्या हाती पडली. २९ एप्रिलला कूतने शरणागती पत्करली. (संपा.)