काशीतील मराठी विधवा आणि खासगीचा पैसा

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेला मराठी माणूस काशीस गेला की अहिल्याबाई घाट, शिंदे घाट ही नावे वाचून सुखावतो. या बांधकामांमागे भक्ती होती हे निर्विवाद. मात्र सरकारी नोकरीत केस पिकलेल्या माझ्यासारख्याला आधी प्रश्न पडतो तो हा, की हा खर्च पडला कोणत्या लेखाशीर्षाखाली?

अहिल्याबाई १७५४ साली विधवा झाल्या. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी होळकरांचा कारभार पाहिला. विश्वनाथाचे मंदिर १७८० च्या सुमारास उभे राहिले, तेव्हा बनारस कंपनीच्या अंमलाखाली गेले होते. म्हणजे हे काम परमुलखातले. होळकरांच्या दौलतीत सरकारी आणि खासगी असे दोन वेगळे हिशेब असत. पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी नेमून दिली, आणि पुढे ती सुनेकडे आली. या वसुलाचा विनियोग करण्यास त्यांना कोणाचीही मंजुरी लागत नव्हती. अहिल्याबाईंच्या दानधर्माची वर्णने पुष्कळ झाली. या तरतुदीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

बायजाबाई शिंदे १८२७ साली विधवा झाल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ज्ञानवापीच्या विहिरीवर मंडप बांधला. त्यांचीही संपत्ती स्वतःची होती, आणि सावकारी त्यांना उत्तम कळत होती.

याच काशीत जन्मलेल्या मणिकर्णिकेचे, म्हणजे लक्ष्मीबाईंचे, नशीब निराळे. डलहौसीने १८५४ मध्ये झाशी खालसा केली आणि राणीपुढे ठेवले दरमहा ५,००० रुपयांचे निवृत्तिवेतन.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट या मराठी वस्त्यांत काशीवासासाठी येऊन राहिलेल्या सामान्य विधवांचा तर हिशेबच कोणी ठेवला नाही. एकत्र कुटुंबात त्यांचा हक्क अन्नवस्त्रापुरता. घरून पैसे येणे दीर-पुतण्यांच्या मर्जीवर. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहास मान्यता दिली खरी, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमान्वये पुनर्विवाह करणारीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात येई. सुधारणेची ही किंमत आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत वाटा दिला, तोही हयातीपुरता. ती मर्यादा काढून पूर्ण मालकी देणारे चौदावे कलम आले १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात, म्हणजे गौतमाबाईंच्या खासगीनंतर २२२ वर्षांनी.