पोशाख हौसेचा, रंग संघाचा

सोलापूरच्या नावाबरोबर चादर येतेच, पण या शहराने दुसराही एक मोठा धंदा उभा केला आहे, तो गणवेशांचा. शाळांचे, रुग्णालयांचे, हॉटेलांचे, कारखान्यांचे गणवेश इथे शिवले जातात आणि श्री सोलापूर रेडिमेड कापड उत्पादक संघ २०१७ पासून खास गणवेशांची प्रदर्शने भरवत आला आहे. चादर आणि गणवेश ही कापडाची दोन अगदी वेगळी कामे. चादरीवरची नक्षी डोळ्याला सुख देते. गणवेश माणूस कुठला, कुणाचा, हे लांबून सांगतो. अनेकांनी एकत्र खेळायच्या शूटिंग गेमची कुळकथा सांगताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. आज या गेममध्ये खेळाडू आपल्या पात्राचा चेहरा, केस, शिरस्त्राण, जाकीट, बूट, बंदुकीवरचे रंगकाम असे सगळे स्वतः निवडतो, आणि ही निव्वळ हौसेची बाब मानली जाते. माझ्या मते तिचे कूळ सजावटीचे नाही, गणवेशाचे आहे. हे विसरणाऱ्या गेमकर्त्याच्या हातून आधी खेळ बिघडतो.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणता येईल असा गेम म्हणजे १९७३ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काही तरुणांनी रचलेला ‘मेझ वॉर’. त्यात प्रत्येक खेळाडू म्हणजे भुयारात फिरणारा एक डोळा. दोघेच खेळत असले तर समोर दिसेल तो शत्रू, म्हणून वेशाची गरज नव्हती. ती पडली डिसेंबर १९९३ मध्ये, ‘डूम’ने चार जणांना एका चक्रव्यूहात सोडले तेव्हा. चौघांसाठी चार वेगळी पात्रे काढण्याऐवजी निर्मात्यांनी नामी युक्ती केली. गेमच्या पटलावर एकूण २५६ रंग होते आणि सैनिकाचे चिलखत त्यांतल्या १६ हिरव्या छटांत रंगवलेले होते. त्या सोळा छटांच्या जागी करड्या, तपकिरी किंवा लाल छटा घातल्या की त्याच चित्रातून दुसरा खेळाडू तयार! १९९६ च्या ‘क्वेक’ने पुढचे पाऊल टाकले. तिथे शर्टाचा रंग वेगळा निवडता येई, विजारीचा वेगळा. पण संघ करून खेळताना संघ ठरे तो विजारीच्या रंगावरून. शर्ट आपल्या मर्जीचा, विजार संघाची. या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. एकाच अंगावर हौस आणि ओळख यांची इतकी स्वच्छ वाटणी पुढच्या पुष्कळ महागड्या गेमना जमलेली नाही.

‘डूम’ची युक्ती सोलापूरच्या विणकराला परकी वाटू नये. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्डने माग तोच ठेवून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने नक्षी बदलण्याची सोय केली, आणि पुढे चादरीवरची फुले, मोर याच तत्त्वाने विणले गेले. गेममध्येही पात्राचा सांगाडा, त्याच्या हालचाली आणि गोळी लागली की नाही हे ठरवणारा अदृश्य साचा, म्हणजे हिटबॉक्स, ही सारी मागाची बाजू. ती सर्वांना सारखी. पोशाख हे बदलते पुठ्ठे. खोलवर बदल करू देणारा गेम याच विभागणीवर उभा राहतो. प्रत्येक कपडा त्याच सांगाड्यावर बेतला तर २० शिरस्त्राणे, २० जाकिटे आणि २० बूटजोड एवढ्यांतून ८,००० वेगळी माणसे निघतात. पण जाड जाकीट घातल्याने साचाही फुगला, तर घालणारा उगाच जास्त गोळ्या खाईल; आणि साचा लहानच राहून जाकीट फुगले, तर नेम धरणारा फसेल.

ही शिस्त शास्त्र म्हणून मांडली ती ‘टीम फोर्ट्रेस २’ने. २००७ मध्ये आलेल्या या गेमच्या चित्रकारांनी आपली पद्धत निबंधातून लिहून ठेवली: आधी रंगावरून आपला की परका, मग बाह्याकृतीवरून नऊ प्रकारांतला कोणता, मग छातीजवळच्या उजेड-सावलीवरून हातात काय आहे. याच गेममध्ये २००९ साली टोप्या आल्या आणि पोशाखांचा बाजार फोफावला. २०१३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ने तो बंदुकांच्या रंगकामावर नेला.

यावर आक्षेप येतो तो पैशाचा. गेम फुकट द्यायचा तर पोशाख विकावेच लागतात, आणि खेळाडूला चारचौघांत उठून दिसायचे असते. मग गणवेशाचे लोढणे कशाला? ‘व्हॅलरंट’ने २०२० साली याचे उत्तर करून दाखवले. तोही फुकट आहे, पण त्यात पात्रांचे पोशाख विकत नाहीत, बंदुकांचे रंगरूप विकतात. शत्रूभोवती ठळक रंगीत रेघ असते. उलट बाजूचा पुरावाही त्याच काळातला. ‘कॉल ऑफ ड्यूटी: वॉरझोन’मधला रोझ या पात्राचा जवळजवळ पूर्ण काळा पोशाख अंधाऱ्या कोपऱ्यात दिसेनासा होई. तक्रारींचा पाऊस पडल्यावर निर्मात्यांना तो उजळ करावा लागला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खऱ्या सैन्याचा गणवेशही लपण्यासाठीच बदलला ना? १८४० च्या दशकात हॅरी लम्सडेनने पेशावरच्या बाजूला आपल्या गाइड्स पथकाला धुळीच्या रंगाचे कपडे दिले आणि त्यातून खाकी जगभर पसरली. मग गेममध्ये लपणारा पोशाख का नको? कारण रणांगणावर बरोबरीचा सामना करण्याचे बंधन नसते, खेळात ते असते. लपायचे तर भिंतीआड, गवतात, कौशल्याने लपावे. दुकानात पैसे मोजून अदृश्य होता आले की ती हार-जीत खेळाची राहत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला प्रत्यक्ष हात घातला तो पुण्याच्या सुपरगेमिंगने. आधी ‘मास्कगन’ आणि मग १६ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘इंडस’ हे दोन्ही शूटिंग गेम त्यांचे. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी आल्यानंतर भारतीय गेमची चर्चा वाढली होती. ‘इंडस’ने विरलोक नावाचे जग कल्पून पात्रांना भारतीय वळणाचे भविष्यकालीन रूप दिले. ही दिशा मला फार आशादायक वाटते, कारण आपल्या पेहरावात बाह्याकृतीचे अमाप वैविध्य आहे. पटका, फेटा, मुंडासे आणि पगडी ही डोकी अंधुक उजेडातही वेगळी कळतात.

सोलापुरात संगणक शिकणाऱ्या आणि असा गेम रचू पाहणाऱ्या मुलामुलींना म्हणूनच एक विनंती आहे. पहिला पोशाख रंगवण्याआधी शहरातल्या एखाद्या गणवेशाच्या कारखान्यात जा आणि कटिंग मास्टरांना विचारा, की दोन शाळांना एकच निळा रंग हवा असेल तर त्या शाळांची मुले लांबून वेगळी ओळखू यावीत म्हणून तुम्ही काय बदलता: कॉलर, खिशावरची पट्टी की चौकडी?